भाजलेली फळी

मित्रांनो, दाराच्या डाव्या हाताला बघा. खालच्या टोकाला बारीक चीर गेलेली जुनी फळी दिसते ना? ती मी.

मी मूळची पाइनच्या झाडातली. पांढरट, मऊ लाकूड, पावसात कुजायचंच. म्हणून कारखान्यात मला भट्टीत घातलं. आत ज्वाळा नव्हत्या, कडक वाफ होती, म्हणून मी पेटले नाही. पण अंगातलं पाणी आणि चीक पार निघून गेला. बाहेर आले ती बदामी रंगाची, हलकी, करपलेल्या साखरेच्या वासाची. आता बुरशीला माझ्यात खाण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

या घरी मला धाकट्या भावाने आणलं. तो सुतार. थोरले, म्हणजे दादा, बस चालवायचे. त्यांनी घर बांधलं आणि बाहेरची भिंत हक्काने धाकट्यावर सोपवली.

"भाजलेलं लाकूड?" वहिनी हसल्या. "भावजी, घर राहायला बांधतोय, खायला नाही!"

भावजीही हसले. भाजलेलं लाकूड ठिसूळ, म्हणून प्रत्येक स्क्रूआधी ते जपून भोक पाडायचे. काम संपलं तेव्हा येणारे-जाणारे थांबून बघू लागले. काय दिवस होते ते!

"दरवर्षी तेलाचा हात द्यायचा बरं का, दादा," भावजी म्हणाले. दादा "हो हो" म्हणाले आणि विसरले.

उन्हाने आपलं काम केलं. मी राखाडी पडले. एका दुपारी पाहुण्यांसमोर दादा बोलून गेले, "सख्ख्या भावानेच उरलंसुरलं लाकूड गळ्यात मारलं!"

भावजींनी हातातला चहा तसाच खाली ठेवला आणि ते निघून गेले. पुढे कित्येक वर्षं ते या अंगणात आले नाहीत. कुणी सायकल आपटली, माझं टोक चिरलं. विचारणार कोण?

शेवटी दादांनी लाकूड काढून पत्रे ठोकायचं ठरवलं. पहार घेऊन त्यांनी पहिल्यांदा मलाच उचकटलं आणि उलटं केलं. माझ्या पाठीला ऊन कधी लागलंच नव्हतं. ती अजून बदामी होती, कोरडी, ठणठणीत. दादा बघतच राहिले.

"बघितलंत?" वहिनी म्हणाल्या. "आता फोन तुम्ही लावता की मी लावू?"

"तू लाव. मला बोलायला सुचायचं नाही."

भावजी संध्याकाळीच आले. केस पिकले होते. आल्या आल्या त्यांनी मला जागेवर बसवलं, वरचा राखाडी थर घासून काढला आणि तेलाचा डबा उघडला. दादांनी शिडी धरली.

"तू धरणार? तुझे गुडघेच कुरकुरतायत!"

"चढ तू. पडू देणार नाही." मग शिडीकडेच बघत दादा म्हणाले, "चुकलंच माझं."

त्यानंतर दरवर्षी दोघे भाऊ मिळून तेल लावायचे आणि वहिनी खालून चुका काढायच्या.

आज दादा नाहीत. भावजींना शिडी झेपत नाही. वहिनी हात पोचेल तिथवर तेल लावतात. म्हणून खाली मी बदामी आहे आणि वरची भिंत राखाडी.

मित्रांनो, रंग उडाला म्हणून कुणाला कुजकं ठरवू नका. आणि घराला तेलपाणी करायचं असेल, तर शिडी धरणारा माणूस आहे तोवर करून घ्या.