ओल्या फडक्याचा चमत्कार

“लोकांचं ऐकतेस ते ठीक, पोरी, पण ते यंत्र काय मोजतं, तेही बघ एकदा,” विद्यापीठात चाळीस वर्षं उपकरणं दुरुस्त केलेल्या हूब नावाच्या म्हाताऱ्या तंत्रज्ञांनी संशोधक रोझानला बजावलं होतं. तिने हसून सोडून दिलं. विज्ञान, औषधोपचार आणि समाज यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या तिच्या विभागात पहिला धडाच असा, की खरं-खोटं आपण ठरवायचं नाही. लोकांचा विश्वास कसा बसतो तेवढं टिपायचं.

टिपायला काय कमी होतं? नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्तजवळच्या त्या गावात दर गुरुवारी बँडपथकाच्या हॉलबाहेर सायकलींची रांग लागे. आत पांढरा कोट चढवून लुडो नावाचा वैदू बसलेला. रोग्याच्या दोन्ही मुठींत यंत्राला जोडलेल्या पितळी दांड्या द्यायच्या आणि काटा बघायचा. काटा विसाच्या आसपास लोळत असे.

“बघा, पेशी कशा झोपल्यात,” लुडो हळहळे. मग अर्धा तास निळा दिवा आणि मंद सूर. मग दांड्या ओल्या फडक्याने पुसून, “स्वच्छता आधी, मंडळी,” म्हणत त्या पुन्हा मुठीत. काटा थेट ऐंशीवर! लोक माना डोलवत, कॉफीचा दुसरा कप घेत.

कोपऱ्यात आपल्या दहा महिन्यांच्या लेकीला, फीनला, मांडीवर घेऊन रोझानने तीन महिने वह्या भरल्या. पोर जरा शिंकली तरी तिचं कपाळ चाचपणारी ही बाई त्या यंत्राला मात्र एक प्रश्न विचारत नव्हती.

एका गुरुवारी शेजारची मारिट तिच्याजवळ येऊन बसली. “मी गोळ्या सोडल्या. नऊ दिवस झाले.”

रोझानचं पेन थांबलं. मारिटला अपस्माराच्या फिट्स येत असत. गोळ्यांमुळे चार वर्षं एकही आली नव्हती. आणि तान्ह्या लेकाला सायकलवर पुढे बसवून ती रोज कालव्याच्या काठाने जात असे.

“डॉक्टरांना विचारलंस?”

“डॉक्टर दहा मिनिटं देतात आणि पॅरासिटामॉल घे म्हणतात. लुडो तासभर बसतो माझ्याजवळ. माझा काटा ब्याऐंशीवर गेलाय, बाई.”

“अगं, काट्यावरून कुणी...”

“आणि तू तीन महिने इथंच आहेस. खोटं असतं तर तू गप्प बसली असतीस?”

रोझानने वही मिटली. विद्यापीठातली बाई वही घेऊन बसते, म्हणजे यात तथ्य असणार, असं सगळा हॉल धरून चालला होता. तिची निःपक्षपाती चुप्पी लुडोला फुकट जाहिरात झाली होती.

तेवढ्यात फीनने हात लांबवून शेजारच्या टेबलावरच्या दोन्ही दांड्या ओढल्या. दात येत होते तिला. दोन्ही मुठी लाळेने माखलेल्या. काटा उसळून नव्वदवर गेला. दिवा नाही, सूर नाही.

“लहान मुलांची शक्ती शुद्धच असते,” लुडो घाईने म्हणाला.

रोझानने लाळेऱ्याने मुठी आणि दांड्या कोरड्या पुसल्या आणि दांड्या पुन्हा तिच्या हातात दिल्या. काटा पंचविसावर आला. मग तिने लुडोचं ओलं फडकं उचलून दोन्ही दांड्यांभोवती गुंडाळलं. काटा शंभरावर जाऊन अडकला.

“या फडक्याचा कोणता आजार बरा झाला, लुडो?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. लुडो लाल झाला. “तुम्ही संशोधक. तुम्ही कुणाची बाजू घ्यायची नसते.”

“नव्हते घेत. तीच चूक झाली.”

ओल्या कातडीतून वीज सहज वाहते, कोरडीतून कमी. काटा तेवढंच दाखवत होता. आधी कोरड्या दांड्या, मग ओल्या. उपचार फक्त फडक्याच्या जोरावर चालला होता. तिने हे दोनदा समजावलं. तरी निम्मे लोक जागचे हलले नाहीत. “पण आम्हाला बरं वाटतं ना,” एक आजोबा रागावून म्हणाले. तिला ओरडावंसं वाटलं.

मारिटने ते फडकं हातात घेऊन दाबून पाहिलं. मग हळूच म्हणाली, “डॉक्टरांकडे माझ्याबरोबर येशील? मला ओरडतील.” त्याच दुपारी दोघी गेल्या, सायकल हाताने ढकलत.

लुडो आता पुढच्या गावात बसतो, असं कळतं. तिथेही सायकलींची रांग असेल. म्हणून रोझानचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्याही ओळखीत कुणीतरी सध्या अशाच एखाद्या काट्यावर खूश असेल. यंत्र दिसलं तर ते काय मोजतं, हे विचारायला लाजू नका. पण त्याआधी त्या माणसाला आजच फोन करा. वाद घालू नका, हसू नका. एवढंच विचारा, “तुझ्या गोळ्या चालू आहेत ना?”