जुन्या फाइलीवरून

यंत्र बंद केल्यावर पातं थांबायला सहा सेकंद लागतात. म्हणून दार उघडण्याआधी थांबायचा वेळ मी यंत्राच्या प्रोग्रॅमच्या फाइलीत तीन सेकंदांचा सात केला होता. तैवानमधल्या ताइचुंगच्या या कारखान्यात चोवीस वर्षं मी यंत्रांवर उभी राहिले. अक्षरं शिकले अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, प्रौढांच्या वर्गात. आता यंत्रं तपासते.

सोमवारी तपासणीत दार तिसऱ्याच सेकंदाला उघडलं. आत पातं गरगरत होतं.

"फंग मावशी, तुमचा बदल फाइलीत गेलाच नसेल," आमचे प्रमुख श्वे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "वाचताना गल्लत होते तुमची. ट्रक उभा आहे. तपासणीच्या कागदावर तुमचा शिक्का मारा, पुढच्या यंत्रात दुरुस्त करू."

"गिऱ्हाइकानं हातही पुढच्याच यंत्रात घालायचा का?"

मी कॉम्प्युटरवर फाइलीचा इतिहास उघडला आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "गुरुवार, फंग, तीनचे सात. शुक्रवार, श्वे, किरकोळ दुरुस्त्या." शुक्रवारी सातचे पुन्हा तीन झाले होते.

प्रोग्रॅम लिहिणारी यीशान खुर्ची फिरवून बसली. "साहेब, शुक्रवारी तुमची फाइल जुनी आहे म्हणून सिस्टीमनं परत केली असेल ना?"

"केली. मग मी नवी उतरवून घेतली."

"आणि तिच्यावर स्वतःची जुनीच चिकटवली!"

"माझं दोन आठवड्यांचं काम होतं त्यात."

"माझा एकच आकडा होता," मी म्हणाले. "तोही राहिला नाही."

साहेबांचा आवाज चढला. "शिक्का मारा, मावशी. नाहीतर उद्यापासून दुसऱ्या कुणाचा तरी शिक्का बघतो."

"बघा. तोवर माझा खिशातच राहील."

मी ताजी फाइल उतरवून घेतली. साहेबांचं काम होतं तसं ठेवलं, फक्त तीनचे सात केले. खाली एका बोटानं टिपण लिहिलं, 'सात सेकंद परत घातले. श्वे यांनी जुन्या फाइलीवरून पुसले होते.'

"माझं नाव कशाला?"

"तुम्ही माझं चारचौघांत घेतलंत. मी तुमचं लिहून ठेवते."

त्यांनी माउसकडे हात नेला, तोवर मी फाइल पाठवली होती.

नवी फाइल यंत्रात घातली, यंत्र चालवून बंद केलं. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी मोठ्यानं मोजू लागले. सहाला पातं थांबलं, सातला दार उघडलं.

"झालं ना?" साहेब म्हणाले.

"अजून दोनदा बघते," म्हणत मी पुन्हा बटण दाबलं.