एका सेकंदाची पोच

“वाचल्याशिवाय पोच द्यायची नाही. कळलं का गं चिमे? पोच द्यायला आधी माणसाला पोच असावी लागते.”

आत्या हे सांगायची तेव्हा चिमी जेमतेम टेबलाएवढी होती. आत्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर. कुठे काही बिघडलं की घंटा वाजायची, पडद्यावर एक ओळ उमटायची. ती वाचून एक बटण दाबायचं, म्हणजे ‘पाहिलं’ अशी पोच जायची. आधी ओळ, मग बोट. तीस वर्षं आत्याने हा नेम मोडला नाही, आणि निवृत्त झाली त्या दिवशी भाचीकडून तसंच वचन घेतलं.

चिमी आता संगणकशास्त्रात संशोधन करत होती. विजेच्या जाळ्यात संगणकातून चोरपावलांनी कुणी शिरलं तर ते किती लवकर कळतं, हा तिचा विषय. एका उपकेंद्रातल्या तीन वर्षांच्या घंटांची नोंद तिने पिंजून काढली होती. प्रत्येक घंटेला एका सेकंदात पोच! ‘अत्यंत जागरूक कर्मचारी’ असं तिने प्रबंधात कौतुकाने लिहिलं. प्रबंध स्वीकारला गेला. सोमवारी शेवटची सही केली की पदवी हातात. राहिला होता फक्त एक फोटो, त्या जागरूक कर्मचाऱ्यांचा.

तो काढायला ती शुक्रवारी केंद्रात गेली आणि कॅमेरा तसाच हातात राहिला.

पोच द्यायचं बटण खोल दाबलेलं होतं. फटीत आइस्क्रीमची काडी खुपसलेली. काडी हलू नये म्हणून वरून चघळलेल्या च्युइंगमचा गोळा थापलेला. काळा पडलेला, दातांचे ठसे तसेच, दोन केस चिकटलेले. चिमीने किळसून हात मागे घेतला.

“हे काय आहे?”

“ही होय? ही आमची काडीबाई!” मुख्य ऑपरेटर खिदळला. आवाज असा दणदणीत की सगळे त्याला भोंगाच म्हणायचे. “सगळ्यात इमानी कामगार. चार वर्षांत एक रजा नाही.”

चार वर्षं. म्हणजे तिच्या नोंदीतली एकही पोच माणसाने दिलेली नव्हती.

“काढा ती.”

“काढतो की. मग दिवसाला चार हजार ओळी कोण वाचणार? दार उघडलं, घंटा. पाल फिरली, घंटा. तुम्ही वाचणार का, मॅडम?”

चिमी पडद्यासमोर बसली आणि मागच्या महिन्याच्या ओळी वाचू लागली. तासाभराने बोट थांबलं. ‘संगणकात अनोळखी व्यक्तीचा प्रवेश.’ भर दुपारी, तीन वेळा. तिन्हींना एका सेकंदात पोच.

“कोण होतं हे?”

“आम्हाला काय ठाऊक? दिवे गेले का? नाही ना? मग!”

तिने तिथूनच मुख्य कार्यालयाच्या सुरक्षा विभागाला कळवलं. पाठवल्याच्या पुढच्याच सेकंदाला उत्तर आलं : ‘आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे.’

तिथेही एक काडीबाई होतीच.

निघताना ती दाराशी थांबली. “मी वाचेन. सोमवारी सकाळच्या पाळीला येते. काडी काढू, आणि फालतू घंटा एकेक करून बंद करू.”

“बघू,” भोंगा म्हणाला. “येतो म्हणणारे साहेब पुष्कळ पाहिले.”

“मी येते,” ती हळूच म्हणाली.

शनिवारी मार्गदर्शक सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि बोटाला थुंकी लावून तिच्या प्रबंधाची पानं उलटली. “अगं, खोटं कुठे आहे यात? पोच एका सेकंदात मिळतेच ना? कोण देतं, ते आपण लिहिलेलंच नाही.”

“पण सर, चौथ्या पानावर...”

“असेल काहीतरी. तीन वर्षं पाण्यात घालू नकोस. सही कर.”

चौथ्या पानावरच ते ‘जागरूक’ होतं. सरांनी प्रबंध वाचलेलाच नव्हता. पानाच्या कोपऱ्यावर त्यांच्या थुंकीचा ओला डाग चकाकत होता. चिमीने कागद दोन बोटांनी उचलले.

घरी येऊन तिने साबणाने दोनदा हात धुतले. तरी किळस जाईना, कारण ती आता च्युइंगमची नव्हती, सरांचीही नव्हती. एका सेकंदात धड एक ओळ वाचून होत नाही, हे तिला तीन वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. आकडे गोड दिसले आणि तिने न वाचता पोच दिली होती. भोंग्याने निदान काडी लपवली तरी नव्हती.

सोमवारी उजाडताच तिने ‘प्रबंध मागे घेत आहे, नोंदी माणसांच्या नाहीत’ असं लिहिलं, दोनदा वाचलं आणि मगच पाठवलं. डबा भरला. कोरी वही घेतली. च्युइंगम खरवडायला एक बोथट सुरी फडक्यात गुंडाळली.

आतून आत्याने विचारलं, “एवढ्या सकाळी कुठे गं?”

“पहिल्या पाळीला.”

चिमीने दार आवाज न करता ओढून घेतलं आणि बसथांब्याकडे चालू लागली.