चांदीचं पाणी आणि दूर्वांची जुडी

लालबागच्या आमच्या चाळीच्या चौकात सकाळपासून रीघ लागली होती. मधोमध ‘नॅनोनाथ’ महाराज. समोर काचेच्या भांड्यात पाणी, पाण्यात हिरव्या बुरशीने माखलेला भाकरीचा तुकडा. महाराज काहीतरी पुटपुटले, दूर्वांची जुडी पाण्यात फिरवली आणि पाणी चंदेरी झालं. बायकांनी हात जोडले.

“बुरशीमाता चांदीचे नॅनो कण बनवते! फॉरेनला रिसर्च चाललाय! डायबेटिस, गँगरीन, गटाराचं पाणी, सब साफ!”

माझं डोकंच फिरलं, कारण यातलं अर्धं खरं होतं. परळच्या एका प्रयोगशाळेत मी बुरशीपासून चांदीचे कण बनवते. आणि माझी सोनूमावशी या महाराजांच्या पाण्यावर विसंबून पायाचं ड्रेसिंग सोडून बसली होती. साखर वाढलेली, अंगठा काळा पडत चाललेला.

“मावशी, आधी दवाखान्यात चल.”

“गप गो मेघना! पाण्यात चांदी चमकता ती तुका दिसणा नाय?”

चमकते, हीच तर गोम होती. मी पुढे झाले. “महाराज, बुरशीच्या अर्कात चांदीचा क्षार घातला की कण व्हायला तास न् तास लागतात. पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी होतं. कण इतके बारीक की असे चमकत नाहीत. तुमचे कसे चमकले?”

“ताई, हे लॅबच्या पलीकडचं आहे.”

“मग फक्त पाणी आणि जुडी बदला.” मी फुलवाल्याकडची ताजी जुडी आणि नळाच्या पाण्याचं दुसरं भांडं पुढे केलं. महाराज म्हणाले, आता मुहूर्त टळला. लोक हसले. शेवटी नाइलाजाने त्यांनी ती जुडी नव्या पाण्यात फिरवली. मंत्र दोनदा झाला, पाणी ढिम्म.

मी त्यांच्या जुडीचा दोरा सोडला. देठांमधून चंदेरी भुकटी सांडली. मावशीने ती बोटावर घेऊन चोळली. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर तिने कैक वर्षं गणपतीच्या कारखान्यात रंगकाम केलं होतं.

“मेल्या, ही तर मुकुटाक लावतत ती चमकी! आणि मी ही पियालंय?”

पळणाऱ्या महाराजांना लोकांनी पोलिसांच्या हवाली केलं. मावशीचा अंगठा काढावा लागला, पाय वाचला.

हॉस्पिटलात तिने विचारलं, “तुझी खरी चांदी तरी लाव मगे.”

“नाही मावशी. तिच्या तपासण्या अजून व्हायच्यात.”

म्हणून सांगते, पुरावा मागा. मंत्र म्हणणाऱ्याकडे मागा, विज्ञानाचं नाव घेणाऱ्याकडे मागा, आणि माझ्याकडेसुद्धा मागा.