हो की नाही, एका शब्दात

प्रवक्त्यांचा आवाज गेला तो एका मंगळवारी सकाळी, आणि पहिला तासभर घरात कुणाच्या ते लक्षातच आलं नाही. बायकोला वाटलं, कालच्या चर्चेत कुणीतरी वरचढ ठरलं असेल, म्हणून घुश्शात आहेत. मुलीला वाटलं, आपण कॉलेजात विषय बदलल्याचं बाबांना कुठूनतरी कळलं. ती बिचारी चहाचा कप घेऊन खोलीत जाऊन दडली. मग प्रवक्त्यांना गॅसवरचं दूध वर येताना दिसलं. ते ओरडायला गेले, तर घशातून सायकलच्या ट्यूबमधून निघावी तशी नुसती हवा निघाली. दूध शेगडीभर झालं.

“अहो, समोर उभे होतात ना? एक हाक मारता येत नाही?” बायको धावत येऊन म्हणाली.

प्रवक्त्यांनी गळ्याकडे बोट दाखवलं, तोंड उघडलं, मिटलं. बायकोनं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि फडकं घेता घेता म्हणाली, “होणारच होतं एक दिवस.”

होणारच होतं. पक्षात त्यांना ‘कर्णा’ म्हणत, आणि ते नाव त्यांनी मेहनतीनं कमावलं होतं. गेली कित्येक वर्षं रोज संध्याकाळच्या चर्चेत ते सत्ताधारी पक्षाच्या बाजूनं बसत. त्यांची सगळी विद्या एवढीच, की समोरच्यानं तोंड उघडलं रे उघडलं की आपला सूर लावायचा आणि तो थकेपर्यंत सोडायचा नाही. समोर असत विरोधी पक्षाचे वकीलसाहेब. त्यांचीही विद्या तीच. दोघांनी मिळून आजवर टीव्हीवर एकही वाक्य पुरं होऊ दिलेलं नव्हतं.

डॉक्टर शाळेपासूनचा मित्र. त्यानं घशात आरसा घालून पाहिलं आणि तो चुकचुकला. “आठवडाभर तोंड बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही, ते तर ओरडण्यापेक्षा वाईट. ऐकलं नाहीस तर कायमचा गप्प होशील, आणि मग वहिनी माझे आभार मानायला येतील.”

घरी आले तर पक्षाच्या सरचिटणिसांचा फोन. बायकोनं स्पीकर लावला आणि हकीकत सांगितली.

“अहो वहिनी, आज वाहतूक विधेयकावर चर्चा आहे. खुर्ची रिकामी दिसली तर आम्ही पळालो म्हणून बोंब होईल.”

“पण ह्यांना बोलता येत नाहीये!”

“बोलायचं कुठंय? बसायचंय. तसंही तिथं कुणाला काय ऐकू येतं? हातवारे करायचे, चेहऱ्यावर संताप ठेवायचा. आणि चॅनेलवाल्यांना अजिबात कळू द्यायचं नाही. कळलं तर त्याचीच बातमी करतील.”

प्रवक्त्यांनी बायकोकडे पाहून मान डोलावली. सकाळपासून ते हेच करत होते. चहा हवा? मान उभी. पंखा लावू? मान आडवी. दुपारपर्यंत मानेला अशी सवय लागली, की प्रश्न पुरा व्हायच्या आत ती हलू लागली.

संध्याकाळी स्टुडिओत त्यांना पावडर फासली, कॉलरला माईक अडकवला. माईकवाला म्हणाला, “सर, एक-दोन-तीन म्हणा.” प्रवक्ते खोकले. “मस्त,” माईकवाला म्हणाला आणि गेला. दिवे लागले. मधोमध अँकर, डावीकडे प्रवक्ते, उजवीकडे वकीलसाहेब. पडद्याच्या कोपऱ्यात, एका छोट्या चौकोनात, अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक. ते आपल्या घरून बोलत. म्हणजे बोलायला बसत. दर कार्यक्रमात ते एकदोनदा “मला फक्त एवढंच...” म्हणत आणि तेवढ्यात वेळ संपे.

अँकरनं टेबलावर मूठ आपटली. “तोट्यातल्या बस बंद! लोकांनी चालत जायचं का? वकीलसाहेब!”

वकीलसाहेब पुढे झुकले. “जनतेच्या तोंडचा घास—”

आणि सवयीनं थांबले. इथं कर्णा वाजायचा असतो. वाजला नाही. त्यांनी समोर पाहिलं. प्रवक्ते संतापानं हात हलवत होते, पण आवाज नव्हता. वकीलसाहेबांनी पुन्हा सुरुवात केली. “जनतेच्या तोंडचा घास... म्हणजे जनतेच्या तोंडची बस...” त्यांच्या कपाळावर घाम आला. इतक्या वर्षांत क्रियापदापर्यंत पोचायची वेळच कधी आली नव्हती, आणि आज ते समोर आ वासून उभं होतं. “...पायाखालून काढून घेणारं, असं हे विधेयक, असं आमचं, एकंदरीत... आहे,” असं म्हणून त्यांनी कसंबसं वाक्य खाली ठेवलं आणि पाणी प्यायले.

अँकर लगेच डावीकडे वळला. “उत्तर द्या! या विधेयकानं बस बंद होणार का? हो की नाही, एका शब्दात!”

हा प्रश्न तो रोज विचारी. एका शब्दात उत्तर त्याला जन्मात मिळालं नव्हतं. “हे बघा, त्याआधी मला एक सांगायचंय,” असंच प्रत्येक उत्तर सुरू होई, आणि त्यावरच त्याचं दुकान चाललं होतं. प्रवक्त्यांनी आता संतापानं दोन्ही हात वर करायचे, असं ठरलं होतं. पण दिवसभराची सवय. हात वर जायच्या आत मान हलली. उभी.

अँकर पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडून बसला होता. ते तसंच राहिलं.

“हो?” तो म्हणाला.

मान उभी. आता मागे कसं घेणार?

“म्हणजे... बंद होणार?”

उभी.

“मग त्या लोकांनी जायचं कसं, याची काही सोय केलीय तुमच्या सरकारनं?”

आडवी.

नियंत्रण कक्षात काचेपलीकडे माणसं खुर्च्यांवरून उठून उभी राहिली.  प्रवक्त्यांनी चेहऱ्यावर संताप ठेवायचा आटोकाट प्रयत्न केला, पण त्यामुळे ते अधिकच मनापासून सांगताहेत असं दिसू लागलं.

“साहेब,” अँकर नकळत हळू आवाजात म्हणाला, “तुम्ही हे विधेयक वाचलंय का?”

मान थांबली. विधेयक जाडजूड होतं. पक्षाकडून त्याचे चार मुद्दे आले होते आणि त्यातले तीन त्यांनी गाडीत वाचले होते. आवाज असता तर यावर ते अर्धा तास बोलले असते. मानेला तेवढं बोलता येत नाही. ती आडवी हलली.

“ऐका! ऐका!” वकीलसाहेबांना पंख फुटले. “ज्यांनी साधं वाचलंसुद्धा नाही, ते—”

“तुम्ही वाचलंय?” अँकर गर्रकन त्यांच्याकडे फिरला. त्याला आता चटक लागली होती.

“मुळात प्रश्न असा आहे—”

“हो की नाही?”

वकीलसाहेबांनी आशेनं समोर पाहिलं. आज तरी मधे बोला, बुवा. प्रवक्त्यांना त्यांची दया आली, पण इलाज नव्हता.

“चाळलंय,” वकीलसाहेब म्हणाले.

“वाचलंय का?”

“...नाही.” मग त्यांनी मान वर केली. “आणि तुम्ही हो?”

अँकरनं समोरचे कागद उगाच सरळ केले. “घेऊया एक छोटी विश्रांती,” तो म्हणाला.

जाहिराती लागल्या. कार्यक्रमाचा अजून पाऊण वेळ बाकी होता आणि भांडायला काही उरलं नव्हतं. तिघंही एकमेकांची नजर चुकवत बसले.

“मी वाचलंय,” कुठूनतरी बारीक आवाज आला.

सगळ्यांनी इकडे तिकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या चौकोनातून प्राध्यापक बोलत होते. “विधेयक. मी वाचलंय ते. दोनदा.”

नियंत्रण कक्षात त्यांच्या आवाजाचं बटण कुठलं, ते शोधण्यात थोडा वेळ गेला. मग त्यांचा चौकोन मोठा केला, तेव्हा लोकांना पहिल्यांदा दिसलं की त्यांना मिशी आहे. प्राध्यापकांनी चष्मा शोधला, घसा साफ केला, आणि कुणी अडवत नाही याची खात्री करून बोलायला लागले. ते कंटाळवाणं होतं, उगाच खोटं कशाला सांगा. पण कळत होतं. त्यांनी सांगितलं, की या विधेयकात बस रिकामी आहे की भरलेली, हे जाण्यायेण्याची सरासरी काढून ठरवलंय. आता पहाटेची बस शहराकडे जाताना खच्चून भरून जाते आणि परत येताना रिकामी येते. सरासरी काढली की ती ‘अर्धी रिकामी’ ठरते आणि बंद होते. “म्हणजे कामाला जाणाऱ्यांची बस आधी बंद होणार,” प्राध्यापक म्हणाले. “हे कलम लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण हिशेब चुकलाय. हे कुणालाही पटेल.”

प्रवक्ते ऐकत होते. दुसऱ्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायची ही त्यांची पहिलीच खेप, आणि त्यांना त्यात एक विचित्र सुख वाटत होतं, कुणीतरी पाय चेपून द्यावेत तसं. खरंच की, त्यांच्या मनात आलं. साधी गोष्ट आहे. आणि त्यांनी मान डोलावली. या वेळी सवयीनं नव्हे.

पडद्याखालच्या पट्टीत लाल अक्षरं धावू लागली: सत्ताधाऱ्यांची कबुली, हिशेब चुकला.

घरी पोचेपर्यंत सरचिटणिसांचे किती फोन येऊन गेले, याला सुमार नव्हता. बायको मात्र सोफ्यावर बसून हसून हसून डोळे पुसत होती. “अहो, तुम्हाला असं विचारायचं असतं, हे मला आधी का नाही सुचलं? माझ्या भावाचा फोन तुम्ही मुद्दाम उचलत नाही ना?”

मान उभी.

“बघ!” ती मुलीला म्हणाली.

मुलगी दारात उभी होती. तिनं ओठ चावला, आणि एका दमात सांगून टाकलं. विषय बदललाय. मोटारींची यंत्रं शिकतेय. वर्गात एकटीच मुलगी आहे. आवडतंय. “बाबा, रागावलात?”

एरवी त्यांनी या विषयावर दोन्ही बाजू एकट्यानं मांडल्या असत्या. आता ते तिच्याकडे बघत राहिले. आवडतंय म्हणताना ती तिच्या आजीसारखी हनुवटी वर करते, हे त्यांना आजवर दिसलं नव्हतं. मान आडवी हलली. मुलीनं सुस्कारा सोडला आणि त्यांच्याशेजारी बसून इंजिन कसं उघडतात ते जेवण होईपर्यंत सांगत राहिली.

दुसऱ्या दिवशी पक्षाच्या कचेरीतून एक खोकं आलं. आत मान दुखावलेल्यांना लावतात तो जाड पट्टा. पाठोपाठ सरचिटणिसांचा फोन. “वहिनी, आज गेले नाहीत तर घाबरले म्हणतील. गेलेच पाहिजेत. पण पट्टा लावून. मान तसूभर हलता कामा नये.”

प्रवक्ते पट्टा लावून गेले. दिवसभर त्यांनी विधेयक वाचलं होतं. सगळं नाही, पण ते कलम चार वेळा. स्टुडिओत पोचले तर वकीलसाहेब कोपऱ्यात बसून तेच करत होते, कागदांना रंगीत चिठ्ठ्या लावून. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, चोरून अभ्यास करताना पकडल्यासारखं.

अँकर तयारीत होता. त्यानं हो-नाहीचे प्रश्न लिहूनच आणले होते. “देशाला काल तुम्ही मान डोलावून सांगितलंत की हिशेब चुकलाय. आज पक्षाचा दबाव आहे? म्हणून हा पट्टा? हो की नाही, एका शब्दात!”

प्रवक्ते ताठ बसून राहिले. पट्ट्याखाली खाज सुटली होती. प्रवक्तेपद काही नोकरी नाही, त्यांनी मनाशी म्हटलं, पण दुसरं काही येतही नाही आपल्याला. मग त्यांना प्राध्यापकांचा चौकोन दिसला. आज तो जरा मोठा होता, आणि प्राध्यापक नवा शर्ट घालून आले होते.

प्रवक्त्यांनी मानेमागे हात नेला. पट्ट्याची पकड चर्रकन सुटली, आणि माईकमुळे तो आवाज घराघरांत ऐकू गेला. पट्टा टेबलावर ठेवून त्यांनी मान मोकळी केली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आणि मग उभी.

त्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. विधेयकातलं ते कलम फेरविचारासाठी समितीकडे गेलं, कारण इतक्या लोकांनी आपापल्या पहाटेच्या बसचे फोटो पाठवले की सरकारची पंचाईत झाली. आणि प्रवक्त्यांचं प्रवक्तेपद गेलं. त्यांच्या जागी एक तरुण बाई आल्या. त्यांचा आवाज, म्हणे, कर्ण्याच्याही वरचा होता. पक्षानं प्रवक्त्यांना शिक्षा म्हणून त्याच समितीवर नेमलं. तिथं कॅमेरे नसतात, बातमी होत नाही, आणि आजवर कुणी आपणहून गेलं नव्हतं.

समितीची खोली तळमजल्यावर होती. लांब टेबल, खिडकीत धूळ, पंख्याचा खडखडाट. आत गेले तर टेबलाच्या त्या टोकाला वकीलसाहेब.

“तुम्हालाही?” प्रवक्त्यांनी विचारलं. आवाज परतला होता, पण जपून, मऊ.

“मलाही. ‘वाचलं नाही’ म्हणालो ना.” वकीलसाहेबांनी खुर्ची जवळ ओढली. “ते सरासरीचं कलम काढलंत तर त्याच्या पुढचं लंगडं पडतं, लक्षात आलं?”

“नाही. कसं?”

वकीलसाहेबांनी सांगितलं, पूर्ण वाक्यांत. प्रवक्त्यांनी पुरतं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, की हे काही आपल्याला पटत नाही. का पटत नाही, तेही सांगितलं. वकीलसाहेब विचारात पडले. दोघं एकाच कागदावर डोकी घालून पुटपुटत बसले.

इतिवृत्त लिहिणाऱ्या बाई टेबलाच्या मधे पेन धरून कितीतरी वेळ थांबल्या होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, “साहेब, जरा मोठ्यानं बोलता का? काही ऐकू येत नाहीये.”

प्रवक्त्यांनी उठून आधी पंखा बंद केला.