फाटकाच्या सरळ रेषेत

"काखेत. छातीशी नाही, काखेत," असं म्हणत नेव्हिलने गुंडाळलेली सतरंजी ग्लेनिसच्या हातातून काढून घेतली आणि पुन्हा एकदा तिच्या डाव्या काखेत खुपसली. "छातीशी धरलीस तर श्वास कुठून घेणार? शिवाय उजवा हात मोकळा हवा."

"कशाला?"

"कोपरासाठी."

"नेव्ह, मी चौसष्ट वर्षांची आहे. या वयात कोपर मारून तुरुंगात जायची माझी तयारी नाही."

"मारायचं नाही. नुसतं दिसायला हवं."

फाटक दोन वाजता उघडणार होतं आणि आता एक चाळीस झाले होते. द्राक्षमळ्यातल्या दर वर्षीच्या गाण्यांच्या जलशासाठी कुंपणाबाहेर फेब्रुवारीच्या उन्हात चार-साडेचार हजार माणसं बुटक्या खुर्च्या, बर्फाच्या पेट्या आणि टोप्या घेऊन उभी होती. त्यातली निम्मी आजोबा-आजी झालेली होती आणि राहिलेल्या निम्म्यांना तसं म्हटलेलं आवडलं नसतं. कुंपणावर 'पळण्यास सक्त मनाई' असा फलक होता. फलकाखाली दर चौथा माणूस एक पाय मागे ताणून पोटऱ्या मोकळ्या करत होता.

हिरवळीवर नंबर नसतात. ज्याची सतरंजी आधी पसरली, त्याची जागा. त्यामुळे दर टोळीत एक पळणारा असतो. तो सतरंजी घेऊन पुढे जातो, बाकीचे खुर्च्या, पेट्या आणि गुडघे सांभाळत मागून येतात. नेव्हिल हॅलम एकोणीस वर्षं पळत होता. मधली दोन वर्षं साथीने खाल्ली, ती तो धरत नसे. चौघांत प्रत्येकाचं काही ना काही काम होतं. ट्रेव्हर निवृत्त खाटीक, त्यामुळे खाणं त्याच्याकडे. ग्लेनिसने तीस वर्षं शाळेची बस चालवलेली, त्यामुळे गाडी तिच्याकडे. नेव्हिलची बायको केरी तिकिटं काढायची आणि कोण कोणावर रागावलं आहे ते लक्षात ठेवायची. नेव्हिल पळायचा.

सप्टेंबरात त्याची छाती उघडून तीन रक्तवाहिन्यांना वळणरस्ते काढून दिले होते. अडतीस वर्षं बॉयलर जोडण्यात घालवल्यामुळे त्या कामाबद्दल त्याचं मत चांगलं होतं. डॉक्टरीणबाईंबद्दल तितकंसं नव्हतं.

"भरपूर चाला, पण पळायचं नाही," त्या म्हणाल्या होत्या.

"दीडशे मीटरला पळणं म्हणतात का?"

"तुमच्या बाबतीत जिना चढण्यालाही म्हणतात."

म्हणून या वर्षी सतरंजी ग्लेनिसकडे आली होती आणि नेव्हिलकडे टोप्या सांभाळायचं काम आलं होतं. चारही टोप्या त्याने एकात एक घालून डोक्यावर ठेवल्या होत्या, कारण हात मोकळे असले की ते सारखे सतरंजीकडे जात होते.

"तो बघ," त्याने ग्लेनिसला हळूच दाखवलं. दोन माणसं सोडून एक पन्नाशीचा, निळ्या टोपीचा गृहस्थ उभा होता. "सेसनॉक गावचा आहे. अकरा वर्षं माझ्या खांद्याला खांदा लावून सुटतो. एकदाही जिंकलेला नाही. पण नजर हटवायची नाही. लबाड आहे."

निळी टोपी नेव्हिलकडे बघून हसली आणि मान हलवली.

"बघितलंस?" नेव्हिल म्हणाला.

"नमस्कार केला रे त्याने."

"तेच म्हणतोय मी."

ट्रेव्हरने बर्फाच्या पेटीवर बूड टेकलं. पेटीने कण्हून निषेध नोंदवला. "म्हाताऱ्या, तिला श्वास घेऊ दे जरा. गाणी ऐकायला आलोय आपण, चंद्रावर नाही जायचंय."

"जागा नसेल तर ऐकशील काय? कपाळ?"

"नाकाला उन्हाचं मलम लाव," केरी मध्येच म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता तिने नवऱ्याचं नाक पांढरं करून टाकलं. तसं नाक घेऊन माणसाला फारसा अधिकार गाजवता येत नाही. तरी त्याने ग्लेनिसला शेवटचं सांगितलं.

"फाटकातून आत गेलीस की सरळ. डावीकडे बघायचं नाही, उजवीकडे बघायचं नाही. सरळ रेषेत जिथे दम लागतो तीच आपली जागा. मंचाच्या बरोबर मधोमध. कळलं?"

"कळलं," ग्लेनिस म्हणाली. तिने केरीकडे पाहिलं. केरी मलमाच्या नळीचं टोपण लावण्यात गुंतली होती.

दोन वाजता फाटक उघडलं. पिवळ्या जाकिटातली पोरगी "चाला, मंडळी, चाला! पळू नका!" असं ओरडू लागली आणि मंडळी चालायला लागली, म्हणजे ज्या चालण्याला इतर देशांत पदकं देतात तसं. ग्लेनिस निघाली. नेव्हिल कुंपणाच्या तारेला बोटं अडकवून उभा राहिला. ती लांब टांगा टाकत होती, सतरंजी काखेत होती, कोपर दिसत होतं. दहा पावलांत तिने दोघांना मागे टाकलं. नेव्हिलचे ओठ तिच्या पावलांबरोबर हलत होते आणि त्याचा उजवा पाय जमिनीवरून थोडा उचलला जाऊन पुन्हा टेकत होता. मोकळा हात नकळत शर्टावरून छातीच्या मधल्या रेघेवर गेला.

मग ग्लेनिस डावीकडे वळली.

"सरळ!" नेव्हिल ओरडला. "ग्लेनिस! सरळ!"

"काय झालं?" ट्रेव्हर पेटीवरून न उठता म्हणाला.

"वळली! अरे, वळली ती!"

"आवळून धर टोप्या," केरी म्हणाली. "पडतील."

गर्दीत पुढचं काही दिसेना. रांगेतून सरकत, पिशव्या तपासून घेत ते तिघे आत पोचेपर्यंत वीस मिनिटं गेली.

ग्लेनिस डाव्या उतारावर होती. मागे मिरीसारख्या फळांचं एक जुनं झाड, त्याची सावली सतरंजीच्या काठापर्यंत आलेली. उतार इतका बेताचा की बुटक्या खुर्चीतून उठायला दुसऱ्याचा हात लागू नये. ती सतरंजीच्या मधोमध पाय पसरून बसली होती आणि शाळेतल्या मुलीसारखी लाल झाली होती.

"इथे?" नेव्हिल म्हणाला.

"इथे."

"आणि मधली?"

ग्लेनिसने ट्रेव्हरकडे पाहिलं.

"गेली," ट्रेव्हर म्हणाला. "फाटकातून येताना बघितली ना मी. डोळ्यांदेखत गेली. एक मोठं कुटुंब. पोरंबाळं, छत्री, सगळं."

नेव्हिलने डोक्यावरच्या टोप्या एकेक करून ज्याच्या त्याला वाटल्या. वाटता वाटता त्याचा चेहरा सैल होत गेला. ग्लेनिसला टोपी देताना तर त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं.

"पहिल्या वर्षी होतं असं," तो म्हणाला. "मनाला लावून घेऊ नकोस. वळलीस तिथे वेग गेला. अनुभवाची गोष्ट आहे, एका दिवसात नाही येत. मी पुढच्या फेब्रुवारीपर्यंत ठणठणीत होतो बघ."

"हो ना," ग्लेनिस म्हणाली.

ट्रेव्हरने आपली खुर्ची सतरंजीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर नेऊन, मंचाकडे जवळजवळ पाठ करून मांडली. एकशे अठरा किलोचा माणूस. तो बसला की पलीकडची हिरवळ दिसायची बंद होत असे.

"तिकडे काय बसलास? मंच इकडे आहे."

"ऊन लागतं डोळ्यांवर."

पहिला बॅंड साडेतीनला आला. चौघांच्या तरुणपणचाच. गायकाला नवा खुबा बसवला होता आणि तो ते लपवत नव्हता. पहिल्या गाण्यानंतर नेव्हिल केरीकडे झुकला.

"आज दमल्यासारखे वाजवतायत, नाही?"

"हो का?"

"आवाजच नाही. छातीत लागत नाही काही." मग थोड्या वेळाने म्हणाला, "ढोलवाला डावखुरा आहे!"

"पहिल्यापासून आहे."

"आपल्याला कधी दिसला नाही तो."

"खांब असायचा ना मध्ये," केरी म्हणाली आणि बटाट्याच्या कोशिंबिरीचा डबा उघडून भराभर वाढू लागली.

दुसऱ्या गाण्याला ती गुणगुणू लागली, तिसऱ्याला गाऊ लागली. नेव्हिलने मान वळवून बघितलं. ती या गाण्यांना गाते हे त्याला ठाऊक होतं, म्हणजे ओठ हलताना दिसत असत. आत आवाजही असतो हे नवीन होतं. गाणं संपेपर्यंत तो मंचाकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होता.

मध्यंतरात तो उठला. "बिअर आणतो. तिघांना बिअर, मला ते लिंबाचं पाणी."

"मी जातो," ट्रेव्हर म्हणाला.

"बस रे. डॉक्टरणीने चालायला सांगितलंय."

तो गर्दीत दिसेनासा झाला. मग ग्लेनिस म्हणाली, "मला वाटलं होतं मी सरळच जाईन. खरंच. पाय आपोआप वळले."

"एकोणीस वर्षं कानात कापूस घालून बसलेय मी," केरी म्हणाली. "त्याला वाटतं वारा लागतो."

"पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं."

"पहिल्या वर्षी? सगळ्यांच्या आधी पोचला होता तो. सतरंजीवर कमरेवर हात ठेवून उभा होता. तुला आठवतंय ना कसा उभा होता? त्या माणसाला काय सांगणार, की नेव्ह, हा स्पीकरचा टॉवर आहे?"

"मग दुसऱ्या वर्षी."

"दुसऱ्या वर्षी पहिलं वर्ष होऊन गेलेलं होतं ना," केरी म्हणाली.

ट्रेव्हरने खुर्ची आणखी चार बोटं उजवीकडे सरकवली.

बिअरच्या रांगेत नेव्हिलच्या पुढे निळी टोपी होती. ती वळली.

"काय राव, तब्येत बरी आहे ना? आज पळताना दिसला नाहीत. आम्हाला काळजी वाटली."

"छातीचं काम झालं. या वर्षी आमची बाई पळाली."

"चांगली पळाली. माझ्या शेजारीच येऊन बसली की. आम्ही त्या झाडाच्या पलीकडे. दर वर्षी तिथेच."

"दर वर्षी?" नेव्हिल म्हणाला. "तुम्ही तर माझ्याबरोबर सुटता."

"सुटतो. मग वळतो." निळ्या टोपीवाल्याने हाताने वळण दाखवलं. "तुम्ही आपले सरळ जाता. आम्ही दर वर्षी बघतो आणि म्हणतो, काय माणसं आहेत, काय कान आहेत! माझी बायको म्हणते ते नक्की आवाजाच्या कंपनीतले असणार."

"या वर्षी ती जागा गेली," नेव्हिल म्हणाला. "मोठं कुटुंब होतं."

"कुठली, ती? ती कोण घेणार?" आणि त्याने हनुवटीने दाखवलं.

बिअरचा मंडप उंचावर होता. तिथून सगळी हिरवळ दिसत होती, म्हणजे हिरवळ दिसतच नव्हती, माणसंच दिसत होती. खुर्चीला खुर्ची, सतरंजीला सतरंजी. फक्त मधोमध, मंचाच्या बरोबर समोर, काळ्या टॉवरच्या पायाशी एका सतरंजीपुरता, फार तर दीड सतरंजीपुरता हिरवा चौकोन मोकळा होता. एक तरुण जोडपं तिथे आलं. त्यांनी चादर पसरली. मग पोरीने मान वर करून टॉवर पाहिला, पोराने पाहिला, आणि दोघांनी चादर घडी करून दुसरीकडे नेली.

नेव्हिल बघत राहिला. मागचा माणूस म्हणाला, "काका, पुढे सरका." तो पुढे सरकला. त्याने तीन बिअर आणि लिंबाचं पाणी घेतलं. निळी टोपी आपले पेले घेऊन निघताना म्हणाली, "बघा, पुढच्या वर्षीही इकडेच या. शेजार बरा."

"बघू," नेव्हिल म्हणाला.

उतारावरून तो सावकाश खाली आला. चार पेले एका पुठ्ठ्याच्या ताटात होते आणि त्यातला एकही सांडला नाही. तिघांनी एकदम वर बघितलं आणि एकदम दुसरीकडे बघितलं. ऊन केव्हाच ढगाआड गेलं होतं. ट्रेव्हर मंचाकडे पाठ करून, खांदे रुंद करून, हिरवळीचा मधला भाग अंगाने झाकत बसला होता आणि त्याला घाम आला होता.

नेव्हिलने ज्याची त्याला बिअर दिली. मग खुर्चीत बसला, लिंबाच्या पाण्याचा एक घोट घेतला आणि पेला मांडीवर धरून ठेवला. मंचावर दुसऱ्या बॅंडची माणसं तारा जोडत होती.

"ग्लेनिस."

"हं?"

"पुढच्या वर्षी जरा आधीच वळ," तो म्हणाला. "तू तीस पावलं सरळ गेलीस. फाटकातून आत आलीस की लगेच डावीकडे घ्यायचं. सेसनॉकवाला तसंच करतो. त्याच्याआधी पोचलीस तर झाडाखालची सपाट जागा मिळेल."

केरीने हात पुढे करून त्याच्या नाकावरचं उरलेलं मलम अंगठ्याने नीट पसरवलं, तसं त्याची काहीच गरज नव्हती. ग्लेनिस म्हणाली, "आणि सतरंजी?"

"काखेत," नेव्हिल म्हणाला. "कितीदा सांगू?"

मंचावर कुणीतरी गिटारची एक तार छेडून बघितली. ट्रेव्हर उठला आणि त्याने आपली खुर्ची मंचाकडे तोंड करून मांडली.