कोरं सोडायचं नाही

माझ्या वडिलांना 'नाही' म्हणता येत नाही. ही तारीफ नव्हे, तक्रार आहे. जन्मभर नांदेडात मराठी शिकवलं, पण दारात आलेल्या वर्गणीवाल्यालासुद्धा ते सरळ नाही म्हणत नाहीत. त्याच्या पावतीतल्या शुद्धलेखनाच्या चुका काढत बसतात, मग तो आपोआप जातो.

म्हणून "बाबा, मला रुद्रेशशी लग्न करायचंय" असं मी सांगितलं तेव्हा ते रागावले वगैरे नाहीत. रुद्रेश आणि मी लातूरला एकाच क्लासमध्ये शिकवायचो. तो केमिस्ट्री, मी बायोलॉजी. तो लिंगायत, आम्ही ब्राह्मण. आई पदर डोळ्यांपाशी नेऊन तयारच बसली होती. बाबांनी विचारलं, "मराठी कसं आहे त्यांचं?"

"बाबा, मला नवरा करायचाय, निबंध तपासायचा नाही."

"तरीपण."

बाबा एका साप्ताहिकात गूढ शब्दकोडं देतात. ते सुटल्याचं कळवणारे वाचक दोनच. एक उमरीचे निवृत्त पोस्टमास्तर आणि दुसरी माझी आई. त्यातली आई खोटं बोलते. आठवडाभर बाबांनी खोलीचं दार लावून पट्टीनं चौकोन आखले, आणि मी लातूरला निघताना एक कागद हातात दिला. "हे त्यांना दे. पूर्ण सोडवून आणलं तर पुढचं बोलू. पूर्ण, बरं का."

बसमध्ये वाचलं. 'बास म्हणालात ना? मग पोथी गुंडाळा.' उत्तर बासन. बास, वर न. पोथी बांधायचं फडकं. आजच्या घडीला बासन कुणाच्या घरात आहे? बाबांच्या. असलेच सगळे शब्द! नाही म्हणायचं तर तोंडानं म्हणा ना, त्याला चौकटी कशाला? मी तणतणतच लातूरला उतरले.

"फेकून दे," मी रुद्रेशला म्हटलं. "सरळ कोर्टात जाऊन सह्या करू."

"न्हाई," तो म्हणाला. "माझ्याकडून लग्नाला कोण येणार हाय? तुझ्याकडचे तरी सगळे पायजेत. सर हो म्हणले तरच."

त्याचं गाव किल्लारीच्या बाजूचं. आई-वडील भूकंपात गेले, तो मामाकडे शिकला. एवढंच मला माहीत होतं. पुढचं त्यानं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. घरी सांगताना मी 'आई-वडील नाहीत' यापुढे गेले नव्हते.

मग हा गडी कोड्याला असा भिडला, जसा काही मेडिकलचा नंबर त्यावरच लागणार होता. लातुरात तेव्हा गल्लीगल्लीत क्लास होते आणि प्रत्येक फळ्यावर काही ना काही उपदेश असायचा. रुद्रेशचा ठरलेला होता. "सीईटीला निगेटिव्ह मार्किंग न्हाई. येवो न येवो, कोरं सोडायचं न्हाई. कोरं सोडतो तो गाढव." पोरं त्याला मागून गाढव सरच म्हणायची. त्यानं विटेएवढा शब्दकोश आणला. एकदा बेंझीनची रचना काढता काढता खडू थांबला आणि तो एकदम ओरडला, "फडताळ!" भरल्या वर्गातल्या पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं. कोड्यातली ओळ होती, 'फडावर ताळ राखा, भिंतीत बरण्या सापडतील.'

"शिकवायलास काय अन् बोलायलास काय?" मी त्याच्याच बोलीत त्याला चिडवलं. पण आतून मला आशा वाटायला लागली होती.

रविवारी आम्ही नांदेडला गेलो. आईनं पोहे केले. बाबांनी चष्मा पुसला, लाल पेन उघडलं आणि तपासायला घेतलं. बासन, बरोबर. रसद, बरोबर. फडताळ, बरोबर. मुदपाकखाना आला तेव्हा बाबांनी आईकडे असं पाहिलं, जणू जावई नाही तर निदान पट्टशिष्य तरी मिळाला. आता मिटलं सगळं, असं मला वाटलं. मी सुखानं पोह्यांवर लिंबू पिळलं.

आणि पेन थांबलं.

"हे कोरं आहे," बाबा म्हणाले.

उभा शब्द, चार घरं. 'माळ घाल अन् बोल. डोक्यावर आहे तोवर बरं.' ळ आणि द आडव्या शब्दांतून आयते आले होते. उरलेली दोन घरं रिकामी.

"होय सर," रुद्रेश म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "अरे, काहीतरी लिहायचंस ना! पोरांना गाढव म्हणतोस आणि स्वतः?"

बाबा खरोखर हिरमुसले होते. "अहो, माळ, आणि वद म्हणजे बोल. माळवद! लाकडावर मातीचं छप्पर. तुमच्याकडचा शब्द आहे हा. आमच्याकडे सगळा स्लॅब. तुम्हाला एक तरी सोपा जावा म्हणून मुद्दाम घातला होता मी."

म्हणजे बाबांना तो पास व्हायला हवा होता. हे मला तिथं, त्या क्षणी कळलं.

"येत होतं, सर," रुद्रेश म्हणाला. "सगळ्यात आधी तेच आलं."

"मग?"

"लिहून न्हाई झालं. आई माळवदाखालीच गेली. वडील बी. मी ओट्यावर झोपलो होतो, म्हणून हाय."

स्वयंपाकघरात आईचा झारा वाजायचा थांबला. मी आत्ताच त्याला गाढव म्हटलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

बाबांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. लाल पेनाचं टोपण बसवलं. मग खिशातलं काळं पेन काढलं आणि ती चारही घरं एकेक करून काळी केली, ळ आणि द सकट. सावकाश, कोपऱ्यांपर्यंत. साप्ताहिकवाल्यांनी एकदा एक घर चुकीचं काळं छापलं होतं, तर हेच बाबा दोन दिवस जेवले नव्हते.

"कोड्यात चूक होती," ते म्हणाले. "रसदचा द गेला. रस राहतो, चालेल. पण फडताळचं फडता झालं. याचं काय करायचं, रुद्रेश?"

आतापर्यंत त्यांनी त्याला नावानं हाक मारली नव्हती.

रुद्रेशनं कागद स्वतःकडे वळवला आणि घरांवरून बोट फिरवलं. म्हणाला, "सर, ता बी काळा करू. फड राहील."

"फड," बाबा म्हणाले. "हां. बसतोय." त्यांनी पेन त्याच्या हातात दिलं, खुर्ची जवळ ओढली आणि आत वळून आईला हाक मारली, "इंदू, चार पानं घे. आम्हाला वेळ लागेल."